प्रकरण एकोणीस : चौदावा प्रश्न

फाइल आईला गुरुवारीच मिळाली होती. मिळाली म्हणजे कोणी मुद्दाम दिली नव्हती. ताईने घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, खाली लिहिलं, 'सगळ्यांनी आपापलं भरा, रविवारी मी येते, सोमवारी दुपारी बाराच्या आत फॉर्म जायलाच हवा.' वाढदिवसाला धाकट्याने टॅब दिल्यापासून आईही त्याच ग्रुपवर आहे, हे ताई साफ विसरली. आई ग्रुपवर कधी काही लिहीत नसे. न बोलणारं माणूस खोलीत असलं की लोक त्याच्यासमोर काहीही बोलतात, हे चौतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईला कोणी नव्याने शिकवायला नको होतं.

तिने लिंकवर बोट ठेवलं आणि समोर, घरी मदतीला बाई देणाऱ्या ज्येष्ठ सेवा केंद्राचे बावीस प्रश्न उघडले. खरा फॉर्म एकदा उघडला की अर्ध्या तासात भरून संपवावा लागे, नाहीतर सगळं पुसलं जाई. म्हणून ताईने प्रश्न एका फाइलमध्ये उतरवून घेतले होते आणि मुलं त्यात उत्तरं लिहीत होती. दादा लिहीत असला की निळी रेघ लुकलुके, ताईची हिरवी, वहिनीची जांभळी. धाकटा जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करी. त्याची नारिंगी रेघ जहाज किनाऱ्याजवळ आलं की उगवे आणि मध्येच बुडे.

तीन दिवस आई दुपारची पडल्या पडल्या हे बघत होती. 'आंघोळीला मदत लागते' असं दादाने लिहिलं. ताईने मध्ये 'थोडी' घातलं. दादाने काढलं. ताईने परत घातलं. दोन दिवसांत तो 'थोडी' चार वेळा आत-बाहेर झाला. 'चिडचिड वाढली आहे का?' या प्रश्नापुढे धाकट्याने लिहिलं होतं, 'वाढायला जागाच नव्हती.' आई एकटीच हसली होती.

चौदाव्या प्रश्नावर मात्र ती हसली नाही. 'स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतात का?' त्यापुढे एकच शब्द होता. नाही. खाली केंद्राची बारीक अक्षरांतली सूचना होती, की उत्तर 'नाही' असेल तर यापुढे प्रत्येक कागदावर नेमलेल्या नातेवाइकाची सही चालेल.

आईला सहा नंबरच्या कॉटवरचा माळी आठवला. त्याच्या मुलाने उशाशी उभं राहून सांगितलं होतं, 'सिस्टर, यांना काही कळत नाही, तुम्ही मलाच विचारा.' माळी टक्क जागा होता. तिच्याकडे बघत होता. आणि तिने, घाईत होती म्हणून, मुलाने सांगितलं ते लिहून घेतलं होतं. पुढची सगळी विचारपूस मग मुलाकडेच झाली. माळी जाईपर्यंत त्याला कोणी काही विचारलं नाही.

तिने टॅब उशाखाली सरकवला आणि रविवारची वाट बघायची ठरवलं.

*

ताई रविवारी दहाला आली ती जिन्याला नावं ठेवतच. "लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही. तीन मजले! दादा, गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करतोस, स्वतःच्या आईसाठी एक बसव की."

"सोसायटीला सांग," दादा म्हणाला. "माझ्याकडे पाना आहे, लिफ्टचा खड्डा नाही."

ताई शाळेत भूगोल शिकवी. कामाला बसली की समोर वर्ग असल्यासारखी बसे. तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, चष्मा चढवला. वहिनीने चहाचे कप ठेवले आणि ती नेहमीसारखी टेबलाच्या कडेला, अर्ध्या खुर्चीवर टेकली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"आई झोपलीय?"

"पडल्यात," वहिनी म्हणाली.

"बरं झालं. हे आटपून मग तिला नीट समजावून सांगू." ताईने फाइल वरून खाली वाचायला घेतली. चालणं, जिना, औषधं. नऊ नंबरला 'गेल्या सहा महिन्यांत पडल्या आहेत का?' यापुढे वहिनीने 'नाही' लिहिलं होतं. ठीक. बारा, तेरा. आणि ती थांबली.

"हे कोणी लिहिलं?"

दादाने चहाचा कप तोंडाला लावला.

"चौदा नंबर. निर्णय घेऊ शकत नाही म्हणे. आई? अरे, गेल्या महिन्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीतली चूक तिने काढली! त्यांनी माफी मागितली तिची!" ताईची नजर वहिनीकडे गेली. तिने ती मुद्दाम वळवली नव्हती, पण गेली. या घरात आईबरोबर बावीस वर्षं वहिनी राहिली होती. आणि बावीस वर्षांत ती काय विचार करते ते ताईला एकदाही कळलं नव्हतं. "वहिनी, तुला त्रास होतो ते मला कळतं. पण म्हणून हे?"

"मी नाही लिहिलं ताई."

"घरात तूच असतेस. दादा दिवसभर बाहेर, धाकटा पाण्यात—"

"मी नाही लिहिलं म्हटलं ना." वहिनीने आवाज चढवला नाही. कप उचलला आणि परत ठेवला.

"यात कोणी काय कधी बदललं ते सगळं दिसतं," ताई म्हणाली. "वाद कशाला? बघूच या."

"ताई, राहू दे," दादा म्हणाला.

पण तिने जुन्या बदलांची यादी उघडली होती. गुरुवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. शब्दावर निळा रंग होता.

*

दादाला ती दुपार नीट आठवत होती. एका हॉस्पिटलच्या गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत, ग्रीसने माखलेल्या बोटांनी त्याने तो शब्द टाइप केला होता. दोनदा चुकला होता. बोट पुसून तिसऱ्यांदा लिहिला होता. तारेवर लोंबकळणाऱ्या लिफ्टच्या डब्यात माणसं असताना ब्रेकची कळ काढायची वेळ अनेकदा आली होती, तेव्हा तो एकदाही चुकला नव्हता.

"मी केंद्रात जाऊन आलो होतो," तो म्हणाला. "खिडकीवरचा माणूस म्हणाला, आहे ते लिहिलं तर दोन तासांची बाई मिळेल. चौदाला 'नाही' टाकलं तर दिवसभराची. सरळ हिशोब. म्हटलं, एका शब्दाने काय होतंय."

"एका शब्दाने तिची सही गेली, दादा!"

"कुठे गेली? मीच करणार होतो ना सही. मी काय तिच्या जिवावर उठलोय?" मग त्याचा आवाज खाली आला. "ही दुकान सोडते म्हणाली. बुधवारी. चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं काम केलंय, आता कुठे मालकाने सगळं हिच्यावर सोपवलंय, आणि ही म्हणते, आईंना एकटं ठेवायची भीती वाटते, पहिल्या तारखेपासून घरी बसते. मी काय करायला हवं होतं? तू सांग. तू शनिवार-रविवार येतेस."

हा शेवटचा घाव ताईला बसला, कारण खरं त्याहून वाईट होतं. ती शनिवारीही येत नसे. महिन्यातून एखाद्या रविवारी येई.

"मला विचारायचं होतंत," वहिनी नवऱ्याला म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

ताई काही बोलणार तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी हललं. चौदाव्या प्रश्नापाशी राखाडी रंगाची एक नवी रेघ येऊन उभी राहिली होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'अनोळखी पाहुणा'. तिघंही बघत असताना 'ही' गेला. मग 'ना' गेला. जागा रिकामी झाली.

"धाकटा," दादा म्हणाला. "दुसऱ्या फोनवरून आला असणार."

ताईने त्याला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा खडखडाट होता. "मी? मी जेवतोय. आज बंदरात आहोत म्हणून फोन तरी लागला. कोण अनोळखी? फाइल घरच्यांशिवाय कोणाला दिलीस तू?"

"कोणालाच नाही. फक्त ग्रुपवर—" ताईची नजर आतल्या खोलीच्या दाराकडे गेली.

रिकाम्या जागी एकेक अक्षर उमटू लागलं. मध्ये मध्ये बराच वेळ जाई, जणू लिहिणारं माणूस प्रत्येक अक्षर शोधून आणत होतं. 'बाहेर येऊ का, की अजून माझं ठरवायचं बाकी आहे?'

फोनवरून धाकटा विचारत होता, "काय झालं? हॅलो? अगं काय लिहिलंय?"

*

आई टॅब छातीशी धरून आली. एका हाताने भिंत, मग फ्रीज, मग खुर्चीची पाठ असं धरत. कोणीतरी उठलं तर तिने हातानेच बसवलं.

"फोन चालू ठेव," ती ताईला म्हणाली. "त्यालाही ऐकू दे. आणि हे असलं अनोळखी का दाखवतंय मला? स्वतःच्या घरात?"

"तू नाव टाकून आत आली नाहीस म्हणून," ताई पुटपुटली. "आई, आम्ही तुला सांगणारच होतो—"

"नीट समजावून. ऐकलं मी." आई खुर्चीत बसली. धाप लागली होती, ती कमी होईपर्यंत थांबली. मग दादाकडे वळली. दादा टेबलाच्या कडेवरचा एक पोपडा नखाने काढत होता. पंचावन्न वर्षांचा, पण खाली घातलेली मान सातवीत नापास झाला होता त्या दिवसासारखीच.

"माझ्यावर राग होता का तुझा?"

"नाही गं."

"मग?"

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"माझ्याशी बोलायचं सुचलं नाही?"

त्याने तो पोपडा मुळापासून उपटला. आईने उत्तर ओढून काढलं नाही. रागवायचं तिने तीन दिवस जपून ठेवलं होतं. पण समोर बसल्यावर त्यातलं निम्मं विरून गेलं, याचंच तिला वाईट वाटलं.

"मी चौतीस वर्षं दुसऱ्यांची अशी पत्रकं भरली," ती म्हणाली. "नातेवाईक काय सांगतात ते लिहायचं, सही घ्यायची, पुढची कॉट. आता माझं भरलं जातंय तर निदान समोर बसून भरा. पहिल्यापासून घे ताई. मी सांगते, तू लिही."

मग बाविसांतला एकेक प्रश्न घेतला. चालणं: घरात भिंतीला धरून, बाहेर काठीने. 'काठी मला आवडत नाही' असंही लिहायला तिने लावलं. ताई म्हणाली हे विचारलेलं नाही, आई म्हणाली लिही. औषधं: स्वतः घेते, आणि दोन दिवस दुपारची गोळी चुकून दोनदा घेतली गेली होती. हे कोणालाच ठाऊक नव्हतं. फोनमधला खडखडाट थांबला होता. आंघोळीपाशी ताईने विचारलं, "मदत लागते, की थोडी मदत लागते?"

"लागते," आई म्हणाली. "थोडी काढ."

दादाने मान वर केली. या शब्दावरून तो दोन दिवस भांडला होता, पण जिंकल्यासारखं त्याला मुळीच वाटलं नाही.

"नऊ," ताई म्हणाली. "पडल्या आहेत का. नाही."

"पडलेय."

ताईचे हात कीबोर्डवर तसेच राहिले. तिने वहिनीकडे पाहिलं. या वेळी मुद्दाम. "वहिनी, हे तू लिहिलं होतंस."

"तिला मी शपथ घातली होती," आई म्हणाली. "मेमध्ये बाथरूममधून बाहेर येताना पडले, तिनेच उचललं. म्हटलं, मुलांना कळलं तर माझा जीव नकोसा करतील. तिने एका शब्दाने कुठे सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही ना रे?"

दादाने नकारार्थी मान हलवली. तो बायकोकडे असा बघत होता जणू ती आत्ताच बाहेरून आली आहे.

"म्हणून दुकान सोडत होतीस?" त्याने विचारलं.

"सांगता येत नव्हतं," वहिनी म्हणाली. "आणि दुकानात उभं राहवत नव्हतं. फोन वाजला की वाटायचं, घरूनच आला."

"एक लिहिते," ताई स्वतःशीच म्हणाली आणि टाइप करू लागली.

"तीन," आई म्हणाली.

आता वहिनीने झटकन वर पाहिलं. "तीन? आई, मला एकच माहीत आहे!"

"दुसऱ्यांदा तू दुकानात होतीस. कपाटाशी पडले, लगेच उठले. तिसऱ्यांदा..." आई टॅबच्या काळ्या काचेवरचा डाग पदराने पुसू लागली. "तिसऱ्यांदा आंघोळीच्या वेळी. उठता येईना. हाक मारावी तर घरात कोणी नाही. पाऊण तास होते तिथे. पाणी चालू होतं, ते बघत बसले. मग बादली उपडी करून तिच्यावर जोर देऊन उठले. वॉर्डात मी सगळ्यांना दरडावायचे, पडलात तर लपवू नका म्हणून. लपवणारा पेशंट मला अजिबात खपत नसे."

फोनमधून धाकट्याचा आवाज आला, बसलेला. "आई, मला का नाही सांगितलंस?"

"तू समुद्रात. तिथून काय दोर टाकणार होतास?"

तो हसायचा प्रयत्न करत होता, जमत नव्हतं.

वहिनी उठली. टेबलाला वळसा घालून सासूच्या खुर्चीपाशी आली आणि नुसती उभी राहिली. या दोघींत एकमेकींना जवळ घ्यायची रीत नव्हती. आईने तिचा हात धरला, तोही मनगटापाशी, नाडी बघावी तसा.

"तू दुकान सोडायचं नाही," ती म्हणाली. "हा माझा निर्णय. घेता येतो मला."

*

चौदाव्याला 'हो' लिहिलं. मग दादाने ज्याची भीती धरली होती तेच झालं. आकडे जुळवून पाहिले तर दोन तासांचीच बाई मिळणार होती. सकाळी आठ ते दहा. उरलेला दिवस तसाच पडला होता, आणि तो आता सगळ्यांच्या मध्ये टेबलावर होता.

"मी दुपारची पाळी मागून घेतो," दादा म्हणाला. "बारापर्यंत घरी राहीन. साहेब कुरकुरेल."

"मी चार वाजता घरी येऊ शकते," वहिनी म्हणाली. "जेवायची सुट्टी घेतली नाही तर."

"जेवायचं नाही कसं? साडेचार," आई म्हणाली.

ताई बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीत कोणीतरी गादी झटकत होतं. "शनिवारी मी येईन," ती म्हणाली. "दर शनिवारी. मुक्कामाला. ग्रुपवर लिहून ठेवते, म्हणजे मला फिरवता येणार नाही."

"आणि मी?" धाकट्याने विचारलं.

"तू दुपारी एक वाजता फोन कर. गोळी घेतली का म्हणून. जिथे असशील तिथून."

"तिथे रात्र असली तर?"

"मग जागा राहा."

बारा ते साडेचार आई एकटीच राहणार होती. तेवढं कोणालाच भरता आलं नाही. दादा म्हणाला, उद्याच बाथरूममध्ये आणि पॅसेजमध्ये धरायला दांडे बसवतो, लिफ्टमध्ये असतात तसे, आणि लिफ्टमध्ये असते तशी घंटाही. शेजारणीकडे वाजेल अशी. आई म्हणाली, घंटा शेजारच्या पोरांच्या हाताला लागू देऊ नकोस. पण नको म्हणाली नाही. आणि त्या एकट्या साडेचार तासांत ती आंघोळ करणार नाही, हे तिने न विचारताच कबूल केलं.

मग ताईने खरा फॉर्म उघडला आणि अर्ध्या तासाच्या घड्याळाशी शर्यत करत सगळं त्यात उतरवलं. दादा मागे उभा राहून वाचून दाखवत होता. दोघांचं मध्येच 'ह्रस्व की दीर्घ' यावरून वाजलं, आणि ते वाजलं याचं सगळ्यांनाच बरं वाटलं. शेवटच्या बटणापाशी ताईने लॅपटॉप आईकडे वळवला. आईने सगळं पुन्हा वाचलं. सहा मिनिटं उरली होती, चार उरली, ताईचा जीव वरखाली होत होता. मग आईने बोटाने नाही, दुमडलेल्या बोटाच्या पेराने बटण दाबलं, जसं ती आयुष्यभर दरवाजे लोटत आली होती. हात निर्जंतुक असायला हवेत म्हणून.

'तुमचा अर्ज मिळाला आहे.'

"एवढंच?" आई म्हणाली.

दादा दांडे कुठे बसतील ते मोजायला फूटपट्टी घेऊन गेला. जाता जाता आईच्या खुर्चीपाशी थांबला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाला. आईने त्याच्या शर्टाच्या कॉलरवरचा ग्रीसचा डाग नखाने खरवडून पाहिला. "हा निघायचा नाही," ती म्हणाली, आणि त्याला जाऊ दिलं.

*

साडेअकराला आईने टॉवेल घेतला. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती, पण पुढे झाली नाही. बाथरूमच्या दारापाशी आई वळली.

"येतेस का?"

वहिनी हात पुसत आली. आई आत गेली. दार अर्धवट लोटलेलं राहिलं. स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग पाण्याचा.

"आत नको येऊस. तिथेच उभी राहा," आई आतून म्हणाली. "आणि बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. गप्प उभी राहिलीस की मला वाटतं, पाळत ठेवलीय."

वहिनीला काही सुचेना. बावीस वर्षं या घरात तिने विचारलं तेवढ्यालाच उत्तर दिलं होतं. आईला बडबड आवडत नाही असं लग्नाच्या पहिल्या आठवड्यात कोणीतरी तिला सांगितलं होतं, आणि ते तिने मनावर घेतलं होतं. पाणी थांबलं. तशी ती घाईने बोलायला लागली.

"काल दुकानात एक बाई आली. म्हणाली, मला लांबचं दिसत नाही. तपासलं तर डोळे एकदम चांगले. नंबर शून्य. मी म्हटलं, तुम्हाला चष्म्याची गरज नाही. तर ती रडायलाच लागली."

"का?"

"म्हणाली, चष्मा लागला असता तर बरं झालं असतं. नवऱ्याला सांगितलं असतं, रस्त्यात तुमच्याकडे बघितलं नाही ते दिसलं नाही म्हणून."

आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. ओला, धाप लागलेला. पाण्याचा तांब्या बादलीवर आपटला आणि परत पाणी सुरू झालं.

"मग?" आतून आईने विचारलं. "दिलास का तिला चष्मा?"